चौदा ठिकाणी अर्ज, पैसे कुठूनच नाहीत

प्रश्न थोडक्यात असा: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली छोटी संस्था, सोसायटी म्हणून २०१६ ची नोंदणी. देवस्थानच्या अग्रशाळेत (देवळाच्या आवारातल्या भक्तांच्या निवासात) वाचनालय आणि संध्याकाळचा मुलांचा वाचनवर्ग चालतो, शेजारच्या वाड्यावर दुसरा वर्ग भरतो. मिळून साठ मुलं, दोन ताई शिकवतात. वर्षाचा खर्च तीन लाखांच्या आसपास. तो आजवर गावातल्या देणग्यांतून आणि जत्रेतल्या स्टॉलमधून निघत होता, यंदा कमी पडला. सचिवांनी एकच प्रस्ताव चौदा फाउंडेशन आणि कंपन्यांना पाठवला. दोघांचा नकार आला, बाकीचे बारा गप्प. दिवाळीनंतर ताईंना मानधन द्यायला पैसे नाहीत. अध्यक्ष म्हणतात, ओळखीशिवाय काही होत नाही, आणि सध्या पैसा पर्यावरणाला मिळतो तर म्हादई नदीवर काहीतरी काढू. खजिनदारांना एक सल्लागार भेटले आहेत, ते प्रस्ताव लिहून देतील आणि मिळालेल्या रकमेचे दहा टक्के घेतील. लिस्बनला असलेले गावचे एक गृहस्थ पाच लाख द्यायला तयार आहेत, पण बँकेतलं कोणीतरी म्हणालं की घेऊ नका. सचिव विचारतात, यातलं काय करावं आणि आमचं चुकतं कुठे?

नमस्कार,

पत्रासोबत प्रस्तावाची प्रत जोडलीत हे बरं केलंत, नाहीतर अंदाजाने बोलावं लागलं असतं. बावीस पानं आहेत. पहिली चार देशातल्या शिक्षणाच्या परिस्थितीवर, पुढची सहा संस्थेच्या वाटचालीवर, मग उद्घाटनांचे आणि बक्षीस समारंभांचे फोटो. तुमचा वर्ग किती वाजता भरतो, आठवड्यातून किती दिवस, मूल आलं की आधी काय करतं, हे शोधूनही सापडत नाही. अगदी शेवटच्या पानावर अंदाजपत्रक, तीन ओळींचं: वाचनालयाची इमारत ८ लाख, मानधन ३ लाख, इतर १ लाख.

अर्जांची छाननी करणारी व्यक्ती हे शेवटचं पान आधी उघडते. बहुतेक फाउंडेशन बांधकामाला पैसे देत नाहीत, आणि जी देतात ती आधी जमिनीचे कागद मागतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या सातबाऱ्यावर) नाव कोणाचं आहे? सत्तरीत मोकासो आणि आल्वारा या जुन्या सनदी जमिनींच्या घोळात किती घरांखालची जमीन अजून राहणाऱ्यांच्या नावावर झालेली नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मानधन तीन लाख, पण किती जणांचं, किती महिन्यांचं? आणि ‘इतर १ लाख’ याचा वाचणाऱ्याने काढलेला अर्थ एकच: यांनी अजून विचार केलेला नाही. बारा जण गप्प राहिले ते बहुधा इथेच.

सगळा प्रस्ताव एका समजुतीवर उभा आहे की गरज नीट सांगितली की पैसे मिळतात. छाननीच्या टेबलावरच्या प्रत्येक कागदात गरज असते. काय काम, कोण करणार, किती खर्चात, आणि झालं हे कशावरून कळणार, हे सांगणारे कागद फार थोडे असतात.

दुसरी समजूत जास्त महागात पडेल, ती म्हणजे अनुदान हा तुटीवरचा उपाय. कन्सेप्ट नोट (कामाची थोडक्यात मांडणी), त्यावरची प्रश्नोत्तरं, सविस्तर प्रस्ताव, कागदपत्रांची तपासणी, प्रत्यक्ष भेट, करार आणि मग पहिला हप्ता. यात सहा महिने धरून चाला, नऊही लागतात. मागची थकबाकी तर सहसा कोणी देत नाही. तेव्हा दिवाळीनंतरचं मानधन अनुदानातून येणार नाही, हे समितीच्या पुढच्या बैठकीत स्पष्ट सांगून टाका. ते गावातूनच यायला हवं. एकशे वीस घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाचे १,४४,००० होतात. गणेश चवथीला बाहेरगावची माणसं घरी येतात, तेव्हा जत्रेच्या वर्गणीसारखं मोघम न मागता ‘एका ताईंचं एका महिन्याचं मानधन ८,००० रुपये’ असं मागा. पैसे शक्यतो यूपीआय किंवा चेकने घ्या, पावतीवर नाव, पत्ता आणि पॅन लिहा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराची ८०-जीची आयकर सवलत मिळत नाही, आणि जे नव्या करप्रणालीत आहेत त्यांना ती मुळातच नाही. तेव्हा करसवलतीचा फार गाजावाजा करू नका. ही देणग्यांची यादी पुढे प्रस्तावात कामाला येणार आहे.

आता प्रस्ताव. नव्याने लिहा, आणि अंदाजपत्रकापासून लिहा. खजिनदार आणि दोन्ही ताई एका टेबलाशी बसा आणि एक सबंध महिना पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत डोळ्यांसमोर आणा. कोण येतं, कशाने येतं, काय संपतं, काय विकत आणावं लागतं. प्रत्येक ओळ संख्या, दर आणि महिने अशी मांडा. तुमच्या पत्रावरून ढोबळ मांडणी खाली देते आहे. दर तुमच्याकडचे घाला.

वर्ग घेणाऱ्या ताई, २ × ८,००० × ११ महिने: १,७६,०००
अर्धवेळ समन्वयक, १२,००० × १२ महिने: १,४४,०००
पुस्तकं, ४०० × सरासरी १५०: ६०,०००
लोखंडी कपाटं, ४ × ११,०००: ४४,०००
दोन वाड्यांमधला प्रवास, १,५०० × १२: १८,०००
ताईंचं प्रशिक्षण, २ × १२,०००: २४,०००
वाचन चाचण्या, हजेरीपत्रकं, छपाई: ६,०००
बेरीज: ४,७२,०००
संस्थेचा सामायिक खर्च, १० टक्के: ४७,२००
एकूण: ५,१९,२००
गावातून जमणारा वाटा: ६०,०००
मागणी: ४,५९,२००

प्रत्येक ओळीखाली एक-दोन वाक्यांचं कारण द्या. कपाटांचंच घ्या. मुंबईत किंवा बंगळूरला बसलेल्या माणसाला चार कपाटं ही चैन वाटू शकते. त्याला सांगा की पावसाळ्यात उघड्या फळीवरच्या पुस्तकांना बुरशी धरते, लाकडी मांडणीला खालून वाळवी लागते, म्हणून दाराची लोखंडी कपाटं हवीत आणि ती भिंतीपासून चार बोटं सुटी, विटांवर ठेवायची आहेत. एवढं लिहिलं की चव्वेचाळीस हजारांवर कोणी बोट ठेवत नाही. उलट अर्जदाराने हे काम हाताने केलंय हे त्यातून कळतं.

वाचणारा लगेच भागाकार करतो. ५,१९,२०० भागिले साठ मुलं, म्हणजे मुलामागे सुमारे ८,६५० रुपये. हा आकडा त्याने काढण्याआधी तुम्ही लिहा, आणि जोडून हेही लिहा की यात पुस्तकं आणि कपाटं मिळून १,०४,००० एकदाच होणारा खर्च आहे, तो वगळला तर मुलामागे ६,९२० पडतात. दुसऱ्या वर्षी खर्च कुठे उतरतो हे दाखवणारा प्रस्ताव क्वचित येतो.

सामायिक खर्चाच्या ओळीवर समितीत वाद होईल. ‘ते कापा, फाउंडेशनला आवडत नाही’ असं कोणीतरी म्हणेलच. कापू नका. वीज, फोन, हिशेब लिहिणारा माणूस, सीएची फी हे खर्च होतातच, आणि प्रस्तावात नसले की ते दोन ताईंच्या मानधनातून किंवा खजिनदाराच्या खिशातून जातात. छोट्या संस्था अनुदान मिळाल्यावर जास्त ओढगस्तीला येतात त्याचं हे मोठं कारण आहे. कंपनीकडे गेलात तर ‘प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे’ असं ऐकू येईल. सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) नियमांतली ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करायच्या खर्चाला आहे. एखादा प्रकल्प आखणं, चालवणं, त्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च त्यात मोडत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याला हे नम्रपणे दाखवून देता येतं. तरी ते ऐकत नसतील तर सामायिक खर्चातल्या ज्या गोष्टी खरोखर या वर्गांसाठीच आहेत त्या प्रकल्पाच्या ओळींत नावानिशी आणा. समन्वयकाला ‘कार्यालयीन कर्मचारी’ म्हणू नका, तो आठवड्यातून दोनदा दोन्ही वर्गांवर जाणार असेल तर तो प्रकल्पाचा माणूस आहे.

यानंतर ‘मुलांचा सर्वांगीण विकास’ हे वाक्य काढून टाका. त्या जागी एक मोजमाप हवं, आणि ते तयार आहे. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ पाहणीची वाचन चाचणी मराठीत मिळते. मूल कोणत्या पायरीवर आहे ते एकेकाला जवळ बसवून पाहायचं: अक्षरही ओळखत नाही, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं लागतात, दोन्ही ताई मिळून आठवड्याभरात साठ मुलं सहज तपासतील. अर्ज करण्याआधीच तपासा, कारण मग प्रस्तावात ‘आमच्या मुलांना वाचता येत नाही’ याऐवजी ‘तिसरी ते पाचवीच्या ३४ मुलांपैकी ११ जणांना परिच्छेद वाचता येतो’ असं लिहिता येतं. (हे आकडे नमुन्यादाखल.) उद्दिष्ट माफक ठेवा. सगळी मुलं गोष्ट वाचू लागतील असं लिहिणाऱ्यावर जाणकार विश्वास ठेवत नाही. आणि अडचणी लिहायला लाजू नका. काजूच्या हंगामात घरचं झाडून सगळं माणूस बागायतीत असतं, शिगम्याला वर्ग ओस पडतो, हे तुम्हाला माहीत आहे. ‘त्या आठवड्यांत वर्ग सकाळी लवकर घेऊ’ असं सोबत लिहा.

हे सगळं दोन पानी कन्सेप्ट नोटमध्ये बसतं. बावीस पानं कोणी मागितली तर द्यावीत, तोवर नाही.

ती पाठवायची कोणाला? चौदा जणांना नक्कीच नको. तीन किंवा चार, पण त्या तिघाचौघांचा अभ्यास करून. कंपनी असेल तर तिच्या वार्षिक अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट असतं: कोणता प्रकल्प, कुठल्या जिल्ह्यात, किती रुपये, स्वतः केला की संस्थेमार्फत. केंद्राच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरही राज्यवार आणि कंपनीवार माहिती आहे. मागची तीन वर्षं पाहा. गोव्यात काही केलंय का, प्राथमिक शिक्षणाला देतात का, आणि एका प्रकल्पाला साधारण किती देतात. जी कंपनी एकेका प्रकल्पाला पन्नास लाख देते तिला साडेचार लाखांचा प्रस्ताव नको असतो, कारण तपासणी, करार आणि अहवालाचं काम दोन्हीकडे सारखंच.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्यांची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त आहे, त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात, आणि कारखाना आहे त्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. म्हणून होंडा आणि पिसुर्ले औद्योगिक वसाहतींत कोणाकोणाचे कारखाने आहेत याची यादी आधी करा, मुख्यालय परराज्यात असलं तरी. ज्या कंपनीचा वर्षाचा सीएसआर पन्नास लाखांपेक्षा जास्त नाही तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. तुमच्यासारख्या संस्थेला अशा कंपन्या जास्त सोयीच्या. निर्णय लवकर होतो आणि रकमाही तुमच्या मापाच्या असतात.

पुस्तकांची ओळ वेगळ्या दारानेही सुटू शकते. कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून सार्वजनिक वाचनालयांना राज्यांमार्फत साहाय्य करतं. पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आणि कला व संस्कृती संचालनालयात चौकशी करा.

ओळखीबद्दल अध्यक्ष म्हणतात ते अर्धं खरं आहे. ओळखीने ईमेल उघडला जातो. कागदपत्रांच्या तपासणीत ओळख काही करू शकत नाही. आणि ओळख करून घेता येते: अर्जाआधी तिथल्या कार्यक्रम अधिकाऱ्याला फोन करून एक नेमका प्रश्न विचारा, ‘आमचं काम तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या वाचनाचं आहे, मागणी साडेचार लाखांची, तुमच्या कक्षेत बसतं का?’ नाही म्हणाले तर तुमचा महिना वाचला. गोव्यातल्या ज्या संस्थांना त्यांनी आधी पैसे दिलेत त्यांनाही विचारा की अहवाल कसे मागतात, हप्ते वेळेवर येतात का. आमदारांचं शिफारसपत्र मात्र माझ्या मते जोडू नये. फाउंडेशनच्या टेबलावर त्याने मदत होत नाही, झाली तर शंकाच येते. त्यापेक्षा तुमची मुलं ज्या प्राथमिक शाळेत जातात तिच्या मुख्याध्यापिकेचं चार ओळींचं पत्र जोडा.

कागदपत्रांकडे वळू, कारण निम्मे चांगले प्रस्ताव इथे अडकतात असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. नोंदणी दाखला, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवर संस्थेचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते बघा. रोमन लिपीत ‘मंडळ’च्या शेवटी एका ठिकाणी जास्तीचं अक्षर, एका ठिकाणी नाही, एवढ्यावरून महिना जातो. कार्यकारिणी बदलली असेल तर नवी यादी सोसायटी निबंधकांकडे गेली आहे का? १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ती दरवर्षी, वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांत द्यायची असते. बऱ्याच संस्थांच्या दफ्तरी स्थापनेच्या वेळचीच माणसं असतात, त्यातली काही आता हयातही नसतात. मग बँकेत सह्या एकाच्या आणि निबंधकांकडे नावं दुसऱ्यांची. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब सगळेच मागतात. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक काढून ठेवा. कंपनीचे पैसे हवे असतील तर सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थांची) नोंदणी लागते. त्यासाठी १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट देणारी नोंदणी) आणि ८०-जी दोन्ही हवेत आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. तो तुमच्याकडे आहे.

तुमच्या पत्रात ‘१२-ए आणि ८०-जी मिळालेत’ एवढंच आहे. तो आदेश काढून बघा, त्यावर ‘तात्पुरती’ असं आहे का. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी असेल तेव्हा, नियमित नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. ही तारीख चुकवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, पण बोलताना सगळे अजून १२-ए, ८०-जीच म्हणतात. तेव्हा सीएंना तारीख विचारा, कलम नको.

अग्रशाळेचं एक राहिलं. देवस्थान समितीकडून ठराव करून लेखी संमती घ्या: कोणते दिवस, किती वाजता, भाडं घेतात की नाही. प्रस्तावात एक वाक्य घाला की जागा देवस्थानची असली तरी वर्ग सगळ्या समाजांच्या मुलांना खुला आहे आणि त्यात धार्मिक शिक्षण नाही. विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

सल्लागार. मिळालेल्या रकमेवर टक्केवारी घेणं निधी उभारणीच्या व्यवसायातच गैर मानलं जातं, आणि फाउंडेशनच्या अंदाजपत्रकात कमिशनला ओळ नसते. ४,५९,२०० मिळाले तर त्यांचे ४५,९२० तुम्ही कुठून देणार? प्रकल्पाच्या पैशांतून दिलेत तर उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर, खोटं लिहावं लागेल. शिवाय भेटीला आलेला अधिकारी प्रश्न ताईंना आणि तुम्हाला विचारतो, सल्लागारांना नाही. मदत हवीच असेल तर ठरलेल्या फीवर, संस्थेच्या स्वतःच्या पैशांतून, आणि तुम्ही लिहिलेलं तपासून देण्यापुरती घ्या.

लिस्बनच्या गृहस्थांना एकच प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय असेल, तर परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत आणि पॅन फायलीला लावा आणि पावती द्या. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर कायद्याने ते परदेशी नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. मग वाळपईच्या बँकेतल्या त्यांच्या खात्यातून रुपयांत दिले तरी ती परदेशी देणगीच, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए २०१०) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही. बँकेतलं माणूस बरोबर बोललं. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा, तुमचा नऊच्या आसपास जातो. पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. त्यात ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक काम यांसाठी गृह मंत्रालयाकडे अर्ज करायचा आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं उघडायचं. पाच लाखांसाठी एवढं करावं का, हे समितीने ठरवावं. माझा कल ‘यंदा नको’ असा आहे. पैशांऐवजी पुस्तकं पाठवली तरी नियम तोच. आणि गावातल्या भावाच्या खात्यावरून फिरवून घ्या असं कोणी सुचवेल, तर ते अजिबात करू नका. पकडलं गेलं तर नाव संस्थेचं जातं आणि पुढची दारं बंद होतात.

पैसे मंजूर झाल्यावरही दोन गोष्टी घात करतात. एक, हप्ते. समजा ४०-४०-२० टक्के असे ठरले, तर दुसरा हप्ता पहिल्याचा हिशेब मान्य झाल्यावर येतो आणि मधे दोन महिने कोरडे जाऊ शकतात. ताईंचं दोन महिन्यांचं मानधन, म्हणजे ३२,०००, गावच्या देणग्यांतून बाजूला ठेवा. प्रकल्पाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या खतावणीत लिहा, जमलं तर वेगळं बँक खातं ठेवा, प्रत्येक व्हाउचरवर अंदाजपत्रकातली ओळ नमूद करा. वर्षअखेरीस बसून खर्च ‘कुठल्या ओळीत घालू’ अशी वेळ आली की अहवाल लांबतो. एका ओळीतले पैसे दुसरीकडे वळवायचे तर आधी ईमेलने लेखी परवानगी घ्या, दहा टक्क्यांपर्यंत मोकळीक देता का हे करारातच विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट मार्च. कंपन्या वर्षअखेरीला उरलेले पैसे घाईने देतात आणि संस्था आनंदाने घेतात. पण धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच आर्थिक वर्षात खर्च करायचे असतात. नाही झाले तर पुढे वापरणार असल्याचं ठरल्या मुदतीत, ठरल्या फॉर्मवर आयकर खात्याला कळवावं लागतं. २५ मार्चला पाच लाख आले तर त्याच दिवशी सीएंना फोन करा.

म्हादईच्या कल्पनेला माझा विरोध आहे, विषय महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. सत्तरीत राहून म्हादईबद्दल वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या कामाचा अनुभव, माणसं आणि मोजमाप तुमच्याकडे नाही, आणि पैशासाठी विषय बदलला की पुढल्या वर्षी वाचनवर्गाचा प्रस्तावही पोकळ वाटू लागतो. मुलांना नदी, रान आणि झाडांवरची पुस्तकं आणा, ती साठ हजारांतच बसतील.

राहिले ते दोन नकार. गप्प बसलेल्या बारांपेक्षा हे दोघे तुमच्या कामाचे. त्यांना तीन ओळींचं आभाराचं ईमेल लिहा आणि एवढंच विचारा: विषय कक्षेबाहेर होता, रक्कम जुळली नाही, की माहिती अपुरी होती? उत्तर आलं तर जपून ठेवा. नवी कन्सेप्ट नोट त्यांना लगेच पाठवू नका. या वर्षीचे लेखापरीक्षित हिशेब आणि मुलांच्या पहिल्या चाचणीचे आकडे हातात आले की ते जोडूनच पाठवा.